पडद्यावरच्या गावाची वारी

टोकियोच्या योत्सुया भागात सुगा देवस्थानाजवळ लाल कठड्याच्या काही पायऱ्या आहेत. भोवती घरे, वर विजेच्या तारा. प्रवाशाने थांबावे असे तेथे काही नाही. तरीही देशोदेशीचे तरुण तेथे येतात आणि विशिष्ट कोनातून छायाचित्र घेतात. मकोतो शिंकाई यांच्या 'किमी नो ना वा' (२०१६) या ॲनिमेपटातील नायक-नायिकेची अखेरची भेट याच पायऱ्यांवर होते. हाताने रेखाटलेल्या दृश्यामागची खरी जागा शोधून तेथे जाण्याला जपानीत 'सेइची जुनरेइ', म्हणजेच पवित्र स्थळांची यात्रा, असे नाव आहे.

या यात्रेचे मूळ ॲनिमेच्या निर्मितीपद्धतीत आहे. अनेक दिग्दर्शक आणि चित्रकार प्रत्यक्ष जागी जाऊन छायाचित्रे घेतात व त्यावरून पार्श्वभूमी रंगवतात. पात्रे काल्पनिक असली, तरी रेल्वेचे फाटक, दुकानाची पाटी, वळणावरचा खांब खरा असतो. कामाकुराजवळील समुद्रकाठचे रेल्वे फाटक 'स्लॅम डंक' या १९९३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेमुळे असेच प्रसिद्धीस आले. सायतामा प्रांतातील वाशिनोमिया देवस्थान 'लकी स्टार' (२००७) या मालिकेत दिसले आणि २००८ च्या नववर्षदर्शनाला तेथे सुमारे तीन लाख भाविक लोटले. २०१६ मध्ये ॲनिमे पर्यटनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिने निवडायच्या स्थळांची संख्या ठरवली ८८; शिकोकू बेटावरील प्राचीन बौद्ध यात्रेतील मंदिरेही तेवढीच आहेत. अष्टविनायकांची यात्रा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पुण्यात काय आहे?

जपानी भाषेच्या अभ्यासाची जुनी परंपरा असलेल्या पुण्यात ॲनिमेचे चाहते कमी नाहीत. मात्र आपल्या शहरातील पडद्यावरच्या जागा शोधू लागल्यास त्यांना वेगळाच अनुभव येईल. आपल्याकडे जागा बहुधा वेषांतर करून पडद्यावर येतात. पुण्याहून तीन तासांच्या आत गाठता येणारे वाई 'गंगाजल'मध्ये (२००३) बिहारचे, तर 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशचे गाव झाले. जवळच्याच मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये (२००४) चरणपूर म्हणून वावरला. नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा हा मेणवलीचा खरा इतिहास; परंतु 'स्वदेस' पाहणाऱ्याला तो कळण्याचे कारण नाही. उलट, 'बाजीराव मस्तानी'तील (२०१५) शनिवारवाडा पुण्याचा असूनही तो मुंबईत उभारलेला देखावा होता. म्हणजे कोठे जागा खरी आणि नाव खोटे, तर कोठे नाव खरे आणि जागा खोटी.

पुण्याने पुणे म्हणूनच काम केले, असे चित्रपट त्यामुळे मोलाचे ठरतात. सतीश राजवाडे दिग्दर्शित 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईची एक तरुणी आणि पुण्याचा एक तरुण दिवसभर शहरात भटकतात, एवढेच त्याचे कथानक. शहर हेच त्यातील तिसरे पात्र.

खऱ्या अर्थाने यात्रास्थळ म्हणावे अशी जागा मात्र विधि महाविद्यालय रस्त्यावर आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'शेजारी' (१९४१) हे चित्रपट येथेच घडले. १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. 'संत तुकाराम'मधील देहू प्रभातच्या कलावंतांनी उभे केलेले. तरी त्या दृश्यांचे मूळ शोधणाऱ्याने देहूइतकेच या आवाराकडेही वळावे.

जागा टिकतात का?

या छंदाला आणखी एक बाजू आहे. शिंकाई यांच्या 'तेन्की नो को' (२०१९) या ॲनिमेपटात टोकियोतील योयोगी भागातली एक जुनी इमारत आहे. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी ती पाडण्यास सुरुवात झाली. आता ती पडद्यावरच उरली आहे. पुण्यात वाडे एकामागून एक नाहीसे होत असताना ही गोष्ट परकी वाटू नये. अप्पा बळवंत चौकाजवळचे, १९३४ मध्ये सुरू झालेले प्रभात चित्रपटगृहही २०१४ अखेरीस त्या नावाने बंद झाले. कोणी सहज टिपलेली गल्ली उद्या तिचा एकमेव पुरावा ठरू शकते.

यात्रेकरूंनी मर्यादाही ओळखली पाहिजे. कामाकुराच्या फाटकापाशी रस्त्यात उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्यांच्या गर्दीने रहिवासी त्रासले आहेत. मेणवली असो वा पेठेतील वाडा, तेथे माणसे राहतात. कॅमेरा काढण्यापूर्वी परवानगी मागणे आणि वाट मोकळी ठेवणे एवढे पथ्य पाळले, तर यजमानांनाही पाहुणे जड वाटणार नाहीत. पडद्यावरच्या चौकटीशी रस्ता ताडून पाहणारा डोळा नेहमीच्या चौकातही कालपर्यंत काय होते आणि आज काय नाही, हे टिपू लागतो. पुण्यासारख्या झपाट्याने बदलणाऱ्या शहराला अशा डोळ्यांची गरज आहे.