चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपल्याकडे कौतुकानें कोणी वापरीत नाहीं. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदाराच्या गृहिणीच्या तोंडीं ती बहुधा सुस्काऱ्याबरोबर येते. परंतु आमचे एक स्नेही, नारायण पेठेंत आमच्यापासून चार घरें पलीकडे राहणारे व अभियंत्याच्या नोकरींतून नुकतेच मोकळे झालेले गृहस्थ, २०२५ च्या फाल्गुनांत एके संध्याकाळीं आमच्याकडे आले ते हेंच बिऱ्हाड हौसेनें पाठीवर घेण्याचा बेत सांगावयास. चूल, अंथरूण, न्हाणीघर व दिवाबत्ती जींत आहे अशी मोटार घ्यावयाची, सपत्नीक पुण्याहून निघावयाचें आणि दोन वर्षें युरोप हिंडून त्याच गाडीनें परत यावयाचें. नकाशाची घडी उलगडतांना त्यांचा चेहरा असा फुलला होता कीं, आम्हांस त्यांचें शाळकरी वय आठवलें.

वहिनी मात्र गप्प होत्या. घरीं सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. धाकटे दीर, त्यांची पत्नी व दोन मुलें असें एकत्र घर. धाकट्या जाऊबाई बँकेंत नोकरीस. सासूबाईंचें पथ्यपाणी, औषधें व रात्रींचें उठणें गेलीं अकरा वर्षें वहिनींकडे आहे. तेव्हां हा बेत जितका रस्त्यांचा, तितकाच त्या घराच्या माजघराचा होता, हें आमच्या ध्यानांत तेथेंच आलें.

मौजेखातर चाकांवरचें घर घेऊन हिंडण्याची कल्पना मूळची इंग्लंडांतली. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या नौदलांतील निवृत्त डॉक्टरानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या कारखान्यांत 'वाँडरर' नांवाची घोड्यांची गाडी मुद्दाम बांधवून घेतली व तींतून तो स्कॉटलंडांत इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढें घोडे गेले, एंजिन आलें. आपल्याकडे अशी गाडी बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभारतात. म्हणजे ज्या कंपनीचें ठाणें आमच्या आकुर्डीस, तिचाच तो टेम्पो. अशा गाडीस कायद्यानें 'मोटर कॅराव्हॅन' केव्हां म्हणावें याचेंही मानक आहे. त्याचा क्रमांक १२४. बसावयास जागा व मेज, निजावयास सोय, स्वयंपाकाची व्यवस्था आणि सामानाचीं कपाटें, हीं गाडीस पक्कीं जोडलेलीं असलीं पाहिजेत. हीं मानकें सिद्ध करण्याचें काम वेताळ टेकडीवरील ए.आर.ए.आय. या संस्थेकडे आहे. स्नेह्यांनीं हें सांगितलें तेव्हां त्यांच्या स्वरांत असा भाव होता कीं, टेकडी आपली, टेम्पो आपला, मग अडचण ती काय?

अडचण रस्त्याची. ही वाट एके काळीं खरोखरीच वाहती होती. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सायकलीवरून इराण, इराक ओलांडून जगाची प्रदक्षिणा करून १९२८ त परतले. १९५७ च्या एप्रिलांत लंडनहून 'इंडियामॅन' नांवाची उतारूंची बस निघाली ती जूनच्या आरंभीं कलकत्त्यास पोहोंचली. भाडें पंच्याऐंशी पौंड. त्यानंतरचीं वीसएक वर्षें तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या वाटेनें गोऱ्या तरुणांचे तांडे रंगीबेरंगी मोटारींतून गोव्यास व आमच्या कोरेगांव पार्कासही येत होते. १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाचें सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें आणि तो ओघ आटला. तरीही इराण-बलुचिस्तान-लाहोर-वाघा अशी एक अरुंद वाट चिवट प्रवासी वापरीत राहिले.

स्नेह्यांची भिस्त याच वाटेवर होती. एप्रिल २०२५ मध्यें पहलगामचें हत्याकांड झालें आणि अटारीचें नाकें बंद झालें. त्यांनीं नकाशा पूर्वेकडे फिरविला. मणिपुरांतल्या मोरेहवरून ब्रह्मदेशांत शिरून थायलंड-चीनमार्गें जाणारी वाट पूर्वीं कित्येकांनीं मोटारीनें काटलेली. पण २०२१ सालीं तेथें लष्करानें सत्ता घेतली व त्या देशांतून मोटार नेण्याची आशा मावळली. राहतां राहिला नेपाळ-तिबेट. चिनी हद्दींत परक्या मोटारीबरोबर तेथला वाटाड्या व परवानग्यांचें बाड हवें, तेंही त्यांनीं जमेस धरलें होतें. ८ जुलै २०२५ रोजीं महापूर आला आणि रसुवागढीचा मैत्रीपूल वाहून गेला. एवढ्या मोठ्या देशाच्या मधोमध बसलेल्या मनुष्यास जमिनीवरून बाहेर पडावयास दार सांपडूं नये, याचें आम्हांस त्या आठवड्यांत प्रथमच खरें आश्चर्य वाटलें. गांवांतल्या गांवांत राहणाऱ्यास कुंपण दिसत नाहीं.

मग गाडी बोटीनें पाठवावी कीं काय? साध्या लोखंडी कंटेनरचें दार सव्वादोन मीटरांहून थोडेंच उंच. आंत उभें राहतां येईल असें घर त्यांत मावत नाहीं. त्यास जींत मोटार चालवीत चढवितात तशी निराळी बोट लागते. शिवाय वाटेंतल्या पुष्कळ देशांसाठीं 'कार्ने' नांवाचें जकातीचें चोपडें लागतें. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून (ही संस्था १९१९ ची) तें मिळतें. त्याची मुदत एक वर्षाची व त्यासाठीं मोठी हमी ठेवावी लागते. प्रत्येक देशांत शिरतांना एक शिक्का व निघतांना दुसरा. निघतांनाचा राहिला, तर गाडी तेथेंच विकली असें धरून जकात हमींतून वसूल होते. युरोपास त्याची गरज नसते हें खरें. पण आपल्या गाडीचें दार डाव्या बाजूस, आपल्या पदपथाकडे उघडणारें. युरोपांत गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे पायरी उतरतांच मनुष्य धांवत्या मोटारींच्या पुढ्यांत! वहिनी या ठिकाणीं प्रथमच बोलल्या. "म्हणजे उंबरठ्याबाहेर पाय टाकतांना रोज जीव मुठींत," एवढेंच त्या म्हणाल्या.

दोन वर्षांच्या बेतावर शेवटचा घाव मात्र वाटेनें किंवा गाडीनें घातला नाहीं. तो पारपत्रानें घातला. युरोपांतील एकोणतीस देशांनीं आपसांतल्या सीमा उठवून एकच वेस केली आहे. तिला शेंगेन म्हणतात. आपल्या प्रवाशास त्या सबंध वेशीच्या आंत कोणत्याही एकशें ऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहतां येतें. जर्मनींत नव्वद, मग फ्रान्सांत नव्वद, असा हिशेब चालत नाहीं. तेथल्या भूमिपुत्रांना सारें आयुष्य चाकांवर काढण्याची मुभा, आणि आपण पाहुणे. जगभर मोकळें फिरावें असें सांगणाऱ्या पुस्तकांत हें कलम बहुधा नसतें, कारण तीं लिहिणाऱ्यांना ज्या रांगेंत उभें राहावें लागत नाहीं, त्या रांगेंत आपण असतों. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या मुलीनें विशीच्या उंबरठ्यावर, २०१८ सालीं, सुमारें एकोणतीस हजार किलोमीटर सायकल चालवून जगाचा फेरा पुरा केला. तिच्या पायांचें कौतुक आपण सर्वांनींच केलें, पण अशा फेऱ्यांत कागदपत्रांस किती बळ लागतें तें कोणी विचारीत नाहीं.

घरीं मात्र या कायद्यानें मोठें काम केलें. दोन वर्षांचा विषय निघाला कीं धाकट्या जाऊबाईंचा चेहरा उतरे. एकदां आमच्या देखतच त्या म्हणाल्या, "दादांनीं जावं, वहिनींनीं तर जावंच. अकरा वर्षं त्या कुठं गेल्या नाहींत. पण दोन वर्षं रात्रीचं उठणं आणि सकाळीं साडेनऊला बँक, हें मला झेपेल असं मी खोटं कशाला सांगूं?" दादा गोरेमोरे झाले. आम्हांस वाटतें, इतक्या वर्षांत त्या घरांत इतकें सरळ वाक्य कोणी बोललें नसेल. एकत्र कुटुंबांत कष्टांची वाटणी क्वचितच तोंडानें होते. ती आपोआप होते आणि ज्याच्यावर पडते तो गप्प राहतो, यालाच आपण सलोखा म्हणतों. दोन वर्षांचे नव्वद दिवस झाल्यावर बोलणें सोपें झालें. त्यांतलेही पंधरा दिवस हातचे राखून अडीच महिनेच जावें, गाडी तेथेंच भाड्यानें घ्यावी, रात्रीं सासूबाईंजवळ निजावयास एक बाई ठेवावी व तिचा पगार दादांनीं द्यावा. आणि पुढच्या वर्षीं तितकेच दिवस धाकट्यांनीं मुलांना घेऊन कोठेंही जावें, वहिनींनीं घर पाहावें, असें ठरलें. शेवटचें कलम सासूबाईंनीं घातलें.

सासूबाईंचा खरा प्रश्न स्वयंपाकाचा होता. आमच्या या शहरांत १८९० सालीं पंचहौद मिशनांतल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें व न्या. रानडे, लो. टिळकांसारख्यांस प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा सोडवावा लागला, हें त्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलें. १९०२ सालीं जयपूरचे महाराज माधोसिंह राज्यारोहणास विलायतेस गेले ते चांदीच्या प्रचंड हंड्यांत गंगाजल घेऊन. "तुमचं तर सगळं स्वैंपाकघरच बरोबर. मग आडकाठी कसली?" असें त्या म्हणाल्या. आडकाठी निघाली ती साजूक तुपाची. युरोपीय संघांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशास दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि तूप त्यांत येतें. ताजा कढीलिंब वनस्पतींच्या निरोगीपणाच्या दाखल्यावांचून चालत नाहीं. नारळ मात्र चालतो! हें ऐकून सासूबाईंना जो आनंद झाला तो वर्णन करणें कठीण. तूप तिकडच्या लोण्याचें कढवावें असें ठरलें.

प्रत्येक जिन्नस वहिनींनीं तराजूवर घातला. हें हौसेनें नव्हे. युरोपांत साधा परवाना साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीसच चालतो, आणि त्या साडेतीन टनांत गाडी, पाणी, माणसें, कुकर व मेतकूट सारें आलें. पाण्याची टांकी सुमारें शंभर लिटरांची. म्हणजे तेंच एक क्विंटल. शंभर लिटरांत दोघांचें दोनतीन दिवस भागवावयाचें, हें ऐकून नातवंडें हंसूं लागलीं. सासूबाई हंसल्या नाहींत. १९६१ च्या जुलैंत पानशेत फुटलें, खडकवासलाही गेलें, आणि नळ कोरडे पडले तेव्हां त्या बावीस वर्षांच्या नव्या सूनबाई होत्या. विहिरीवरून आणलेल्या दोन घागरींत तान्ह्या मुलासकट घर कसें चालवावें हें त्यांनीं वहिनींना एका दुपारीं शिकविलें: तांदूळ धुतलेलें पाणी भांड्यांना, भांड्यांचें विसळलेलें फरशीला. गाडीच्या माहितीपुस्तकांत यांतलें कांहीं नाहीं.

दुसरी एक गोष्ट तितकी सुगंधी नाहीं, पण लिहिली पाहिजे. गाडींतल्या शौचकूपाखालीं अठरावीस लिटरांची एक पेटी असते. ती दोनतीन दिवसांनीं काढून, हातानें वाहून नेऊन, नेमल्या जागींच ओतून धुवावी लागते. हें काम करावयास कोणी येत नाहीं. अप्पासाहेब पटवर्धनांनीं कोंकणांत हेंच काम व्रत म्हणून केलें, त्यासाठीं तुरुंगांत उपोषण केलें, कणकवलीच्या गोपुरींत सोपे संडास बसविले. आम्हां पांढरपेशांनीं त्यांना नमस्कार केला व काम इतरांकडेच ठेवलें. आमच्या स्नेह्यांना तें पासष्टाव्या वर्षीं शिकावें लागलें. पहिल्या खेपेस त्यांना मळमळलें, हें त्यांनींच पत्रांत लिहिलें आहे. दुसऱ्या खेपेपासून वहिनींनीं पाळी लावली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर दोघें विमानानें म्यूनिकला गेलीं. गाडी हातीं आली तेव्हां तिच्या मालकानें सगळें दाखविलें, पण सांडपाण्याची तोटी उघडी राहिली आहे हें पाहावयाचें राहिलें, आणि पहिल्याच मुक्कामीं शेजाऱ्याच्या तंबूपर्यंत ओघळ गेला. पुढें हात बसला. जर्मनींत गांवोगांव अशा गाड्यांसाठीं आंखलेल्या जागा असतात, फ्रान्सांत नगरपालिकाच तशा राखतात. थोड्या पैशांत वीज, पाणी व ओतण्याची सोय. थंडी वाढल्यावर ब्यूटेनचा गॅस पेटेना. तो शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेंच सोडतो, म्हणून तेथें प्रोपेन घेतात, हें शेजारच्या एका वृद्ध डच जोडप्यानें त्यांना शिकविलें. बदल्यांत वहिनींनीं त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ सालीं प्राच्यविद्या परिषदेस ज्या व्हिएन्नास गेले होते, तेथें त्यांनीं आठ दिवस डॅन्यूबकांठीं मुक्काम केला.

गणपति त्यांच्यावांचून आले. प्राणप्रतिष्ठा प्रथमच धाकट्यांनीं केली. मंत्र दोनदां चुकले, असें त्यांचा मुलगाच सांगतो. रात्रींची बाई पहिल्या आठवड्यांतच सोडून गेली, आणि दुसरी मिळेपर्यंतचे नऊ दिवस जाऊबाईंनीं रजा काढली. हें पत्रांत कळवावयाचें नाहीं असें सासूबाईंनीं ठरविलें, व जाऊबाईंनीं तें मोडून वहिनींना कळविलें. लपविण्यासारखें कांहीं नाहीं, असें त्यांचें मत. वहिनींनीं तिकडून विचारलें कीं परत यावें काय. जाऊबाईंनीं नको म्हणून सांगितलें.

रोज संध्याकाळीं सातच्या सुमारास तिकडून दूरध्वनि येई. दादा किल्ले, देवळें, पर्वत सांगत. सासूबाई तें सारें ऐकून घेत, आणि मग दरवेळीं वहिनींना बोलावून एकच विचारीत: "आज पाणी कुठं भरलंत?"