एका सलगमाला एक शिलिंग

न्हावी, परीट आणि चांभार यांनी पाठ फिरवली की कोर्टाचा हुकूमनामा हातात असूनही माणसाला गावात राहणं कठीण होतं. शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं हे डिसेंबर १८७४ मध्ये दाखवून दिलं. काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांचं घर पाडलं. गावानं त्याच्या दुकानात जाणं सोडलं, त्याचं शेत कसणं सोडलं, बलुतेदारांनी त्याचं काम सोडलं. सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांचा इतिहास वाचताना करडे भेटलं आणि तेव्हापासून आयर्लंडच्या पश्चिमेकडचं एक गाव माझ्या मनात घर करून आहे, कारण सहा वर्षांनी तिथे जवळजवळ हेच घडलं.

त्या गावाचं नाव नील. मेयो परगण्यात, बॅलिनरोब आणि कॉंग यांच्या मधे, चुनखडीच्या मुलखात दगडी गडग्यांनी आखलेल्या कुरणांमध्ये वसलेलं. गाव लहान, पण नुसतं शेतकऱ्यांचं नव्हे. इथल्या जमीनदार ब्राउन घराण्यानं अठराव्या शतकात पायऱ्यापायऱ्यांचा एक दगडी पिरॅमिड उभारला आणि जुन्या कोरीव शिल्पांची मांडणी करून त्यांना ‘नीलचे देव’ ठरवून टाकलं. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम यांनी १८६७ च्या आपल्या पुस्तकात आयरिश पुराणातलं मॉयतुराचं युद्ध याच टापूत लढलं गेलं असं मांडलं. दंतकथांची रेलचेल असलेल्या या गावाचं नाव इतिहासात गेलं ते मात्र खंडाच्या भांडणामुळे.

जवळच लॉख मास्क सरोवराच्या काठी लॉर्ड अर्नची सुमारे पंधराशे एकर जमीन होती आणि तिच्यावर अडतीस कुळं. वसुलीचं काम कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटकडे. हा मूळचा नॉर्फकचा, आधी बरीच वर्षं अ‍ॅकिल बेटावर राहिलेला आणि १८७३ पासून लॉख मास्क हाउसमध्ये. खंड वर्षाला पाचशे पौंडांच्या आसपास, त्यातला दहावा हिस्सा बॉयकॉटचा. पीक बुडालेलं असल्यामुळे अर्ननं १८८० मध्ये दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. अर्ननं नकार दिला.

२२ सप्टेंबरला बेदखलीच्या नोटिसा घेऊन डेव्हिड सिअर्स नावाचा बेलीफ पोलिसांसह निघाला. तीन नोटिसा लागू झाल्या. चौथ्या घरी फिट्झमॉरिस बाईंनी नोटीस घ्यायला नकार दिला आणि लाल निशाण हलवून आजूबाजूला इशारा दिला. बाया धावून आल्या. दगड, चिखल, शेण हाताला येईल ते फेकलं. बेलीफ आणि पोलीस लॉख मास्क हाउसमध्ये पळाले. या लढ्याच्या इतिहासात कुळांची बाजू लढवणाऱ्या लँड लीग या संघटनेचे नेते पार्नेल आणि डेव्हिट यांना पानंच्या पानं मिळतात. पहिला वार ज्या बायांनी केला त्यांना एखादा परिच्छेद मिळतो, आणि मला ते खटकतं.

दुसऱ्या दिवशी बॅलिनरोबहून लोक आले आणि संध्याकाळपर्यंत बॉयकॉटचे गडी-मजूर निघून गेले. मग लोहार थांबला, धोबीण थांबली, दुकानदारांनी माल देणं बंद केलं. पत्रं पोचवायला त्याचा पुतण्या पुढे झाला, तर त्यालाही वाटेत अडवून दम दिला. बॉयकॉटनं १४ ऑक्टोबरला लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिलेलं पत्र या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यात वसुली करणारा माणूस स्वतःच एकेक करून सांगतो की कोण कोण यायचं थांबलं, कुठले गडगे पाडले, पीक कसं तुडवलं. त्यानं ते मदत मिळावी म्हणून लिहिलं. मला त्यात दिसते ती एका माणसाच्या रोजच्या जगण्यात किती हात राबत असतात याची यादी.

पत्राचा परिणाम झाला. कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ प्रॉटेस्टंट, पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणाला नऊशेच्या आसपास सैनिक. क्लेअरमॉरिसला रेल्वेतून उतरून ते पावसात बॅलिनरोबपर्यंत चालत गेले, कारण गाडी द्यायला कोणी नव्हतं. नोव्हेंबरच्या गारठ्यात तंबूंमध्ये राहून त्यांनी बटाटे आणि सलगम काढली. अंदाजे पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाले. दर सलगमामागे सरकारला एक शिलिंग पडला, असा हिशेब पार्नेलनं मांडला.

या सगळ्या काळात सैन्यावर हल्ला झाला नाही, याचं श्रेय मी नीलचे धर्मगुरू फादर जॉन ओ’मॅली यांना देतो. लँड लीगचा गावातला आधार तेच होते. एक दगड भिरकावला गेला असता तर सैन्याला निमित्त मिळालं असतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. डेव्हिटनं आपल्या इतिहासात एक हकीकत दिली आहे : सैन्य परतताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती, तर फादर तिच्यावर खोटंखोटं ओरडले, राणीच्या सैन्याला धमकावायला आलीस का म्हणून!

तरी या कथेचा दुसरा पदर झाकून ठेवणं मला जमणार नाही. लोहाराला ठार मारण्याची धमकी आली होती. सगळे निष्ठेनं थांबले नव्हते, काही भीतीनं थांबले होते. आणि बहिष्काराचं हेच हत्यार वरून खाली चाललं की काय होतं, ते आपल्याकडे पाहिलेलं आहे. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचं काम आणि जमीन काढून घ्यायची, दुकानातून जिन्नस विकायचे नाहीत, हे मुंबई इलाख्यातल्या गावांमध्ये सर्रास चालतं, असं अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीनं १९३० मध्ये नोंदवलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. करडे आणि नील यांच्या बाजूनं मी उभा राहतो, कारण तिथे कोर्ट, पोलीस आणि जमिनीचा कागद समोरच्याकडे होता. गावाकडे फक्त आपले हात होते, ते त्यानं काढून घेतले.

२७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंब निघालं तेव्हा बग्गी हाकायला माणूस मिळेना. लष्कराच्या रुग्णवाहिकेत बसवून त्यांना नेलं. आपलं सहा हजार पौंडांचं नुकसान झालं असा दावा बॉयकॉटनं पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे केला, तो सरकारनं फेटाळला. १८८१ मध्ये आयरिश कुळांना रास्त खंड ठरवून मागण्याचा हक्क कायद्यानं मिळाला. बॉयकॉट त्याच वर्षी लॉख मास्कला परतला, १८८६ मध्ये सफकमधल्या फ्लिक्स्टनला नोकरी धरून गेला आणि १८९७ मध्ये वारला. मधल्या वर्षांत सुट्टी मिळाली की तो आयर्लंडलाच येत असे.