वणीचा हायवा आणि बाटलीतला ऑक्सिजन

वणी तालुक्यातल्या उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा या खाणींतून कोळसा भरून निघालेला हायवा चढाला लागला आणि काळा धूर सोडू लागला, की मागचा दुचाकीवाला आधी तोंडाला रुमाल लावतो. हा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. मालकाने पैसे मोजून टाकीत भरलेलं, पंपाने नोझलपर्यंत पोचवलेलं आणि सिलिंडरमध्ये पुरेसा ऑक्सिजन न मिळाल्याने काजळी होऊन बाहेर पडलेलं. गाडी लोड खेचत नाही म्हणून पंप वाढवून घ्यायची पद्धत जुनी आहे. त्याने थोडी ताकद वाढते, धूर मात्र त्याहून जास्त वाढतो. इंजिन उपाशी असतं ते हवेसाठी.

अमेरिकेत डिझेल ट्रकच्या शर्यती लावणाऱ्यांनी या उपासावर जो उपाय काढला, तो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. भूल देताना वापरतात तोच हा वायू. जोसेफ प्रिस्टलीने तो 1772 साली तयार केला. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो, तर यात 36 टक्के. इंजिनातल्या उष्णतेने रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटतानाही थोडी उष्णता बाहेर पडते. शिवाय बाटलीत द्रवरूपात असलेला हा वायू बाहेर पडताच उणे 88 अंशांपर्यंत थंड होतो. त्याच्यासोबत आत जाणारी हवाही गार आणि दाट होते.

लढाऊ विमानांनी हे आधीच करून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावरच्या विरळ हवेसाठी इंजिनांना नायट्रस दिला. त्यांचं युंकर्स 86 हे टेहळणीचं विमान तर डिझेल इंजिनांवरच उडत होतं, आणि त्याच्या शेवटच्या आवृत्तीत नायट्रसची सोय होती. म्हणजे डिझेल आणि नायट्रस यांची गाठ ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीच पडली.

ट्रकवर तो बसवतात कसा? साधारण साडेचार किलो वायूची बाटली केबिनच्या मागे, किंचित तिरकी, पट्ट्यांनी घट्ट आवळतात. बाटलीच्या आत तळापर्यंत नळी असते, कारण इंजिनाला वाफ नको, द्रव हवा असतो. तिथून जाळीदार आवरणाची उच्च दाबाची नळी पुढे येते, मग विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मग बारीक भोकाचा जेट, आणि शेवटी इंटरकूलरच्या पुढच्या पाइपात बसवलेली फवारणी. खरं कसब स्विचमध्ये आहे. पेडल पूर्ण दाबलेलं आणि टर्बोचा दाब चढलेला, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडता कामा नये. कमी फेऱ्यांवर वायू सोडला तर सिलिंडरमधला दाब एकदम उसळतो. हेड गॅस्केट उडतं, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेट्रोलच्या गाडीत नायट्रससोबत जादा पेट्रोल द्यावंच लागतं, नाहीतर पिस्टन वितळतो. डिझेलमध्ये ती काळजी नाही. इथे इंधन आधीच जास्त झालेलं असतं, नायट्रस फक्त ते जाळतो. त्यामुळे काळा धूर ओकणारा ट्रक बटण दाबताच जवळजवळ स्वच्छ होतो. हे मला या यंत्रणेतलं सगळ्यात सुंदर काम वाटतं: वाया जाणारं तेवढंच चाकांपर्यंत पोचतं.

आता ही यंत्रणा वणीत आणून पाहू. शंभर अश्वशक्ती वाढवायची तर साडेचार किलोची बाटली दीड-दोन मिनिटांत रिकामी होते. शर्यतीला तेवढं पुष्कळ. पण वणीहून मारेगाव, करंजी, जोडमोहा करत यवतमाळला चढणाऱ्या भरल्या गाडीला शंभरावर किलोमीटर कापायचे असतात. त्याहून मोठी अडचण उन्हाची आहे. नायट्रस ऑक्साइड 36.4 अंशांपर्यंतच द्रव राहू शकतो. त्यापुढे कितीही दाब दिला तरी बाटलीत द्रव म्हणून काही उरत नाही, आणि दाब वेगाने चढत जातो. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या केबिनमागे तापणारी भरलेली बाटली कुठल्या दाबाला पोचेल, याचा विचार केला तरी धडकी भरते. सुरक्षा चकती फुटून वायू निघून गेला तर ते नशीब म्हणायचं. अशा सिलिंडरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय जवळच, नागपुरात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलात मनाने बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावरच्या मालट्रकला नायट्रस बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जे काम बाटली दोन मिनिटं करते, तेच टर्बो दिवसभर फुकट करतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं. मिनिटाला लाखभर फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून जाणते चालक चढ संपल्यावर गाडी लगेच बंद करत नाहीत, दोन मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवतात. नाहीतर तापलेल्या टर्बोतलं तेल जळून तिथेच चिकटतं. दाबलेली हवा गरम होते, तिला इंटरकूलर गार करतो. पंधरा अंशांच्या मानाने पंचेचाळीस अंशांची हवा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ असते. त्यामुळे उन्हाळ्यात इंटरकूलरच्या जाळीत बसलेला कोळशाचा थर थेट ताकद खातो.

आणि शेवटी एअर फिल्टर. कोळसापट्ट्यातली धूळ त्याला पाहता पाहता गच्च करते. फिल्टर चोंदला की टर्बो कितीही फिरो, आत हवा कमीच जाते आणि गाडी धूर मारते. मग पुन्हा पंपाकडे बोट दाखवलं जातं. पंपाला हात लावण्याआधी करायची तपासणी सोपी आहे. फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला का पाहायचं. हवा मारायची तर कमी दाबाने, आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. कागद फाटला असेल तर फिल्टर फेकायचा, कारण त्या फटीतून जाणारी बारीक धूळ टर्बोची पाती आणि लायनर दोन्ही घासून टाकते. मग इंजिन चालू ठेवून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं आणि मदतनिसाला रेस द्यायला सांगायचं. जिथे बुडबुडे येतील, तिथली क्लिप आवळायची.