जाडजूड ग्रंथ? नो टेन्शन!

माहीत आहे का? आपलं एक वर्ल्ड-फेमस पुस्तक चक्क अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी जन्माला आलं म्हणे! महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन राजपुत्र आणि तिघांचंही अभ्यासाशी हाडवैर. मग एन्ट्री होते ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्मांची. राजपुत्रांना शहाणं करायची गॅरंटी किती दिवसांत? फक्त सहा महिने! घोकंपट्टीला सुट्टी दिली आणि कोल्हे, कावळे, माकडं, मगरी यांना ड्युटीवर लावलं. पंचतंत्राची मूळ कथा ती हीच. त्या मुलांवर ‘ढ’चा शिक्का मारून गुरुजी मोकळे झाले असते, तर जग केवढ्या खजिन्याला मुकलं असतं!

सोपं करणं म्हणजे कात्री चालवणं, असं वाटतंय? मग हा घ्या झटका. गीतेचे श्लोक ७००. तीच गीता मराठीत उलगडणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००! साल १२९०. पानं वाढली, अडचण घटली. समजावून सांगायला ऐसपैस जागा लागते, आणि ज्ञानेश्वर माउलींनी ती मनसोक्त घेतली.

आता आईची फर्माईश. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. पण संस्कृत काही झेपेना. सोपी मराठी गीता तूच का लिहीत नाहीस, असं त्यांनी लेकालाच विचारलं. आई १९१८ साली गेली. पण शब्द राहिला! १९३२ मध्ये ‘गीताई’ छापून आली. नावातच आई!

थांबा, थांबा, पिक्चर अभी बाकी है! त्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगत होते. ती प्रवचनं भराभर टिपून घेणारे कोण, माहीत आहे का? साने गुरुजी! ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं गजाआड तयार झालं. ऐकणाऱ्यांना समजलं पाहिजे, ही एकच अट. म्हणून तर ते आजही घडाघडा वाचता येतं.

गुरुजी तेवढ्यावर थांबणाऱ्यातले नव्हतेच. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’मधल्या एकाकी विणकराला त्यांनी मराठी मुलांच्या घरी आणलं, ‘मनूबाबा’ म्हणून. इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांनाही इंग्रजी क्लासिक पोटभर!

चला लंडनला. १८०७ साली शेक्सपिअरची २० नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात आली. कव्हरस्टोरी ऐका: त्यातल्या १४ गोष्टी मेरी लॅमच्या, ६ तिच्या भावाच्या, चार्ल्सच्या. पहिल्या आवृत्तीवर नाव कुणाचं? एकट्या चार्ल्सचं! मेरीताई, आमच्याकडून कडकडीत सॅल्यूट.

कॉमिक्स म्हणजे टाइमपास? अल्बर्ट कँटर नावाच्या गृहस्थांना तसं वाटलं नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत त्यांनी ‘थ्री मस्केटिअर्स’ चित्रांत मांडलं आणि पुढे १६९ अंकांची फौज उभी केली. शेवटच्या पानावर काय असायचं? आता लायब्ररीत जा आणि मूळ पुस्तक वाचा, असा आग्रह! चित्रकथेने पुस्तकाची वाट अडवली नाही, वाट दाखवली. आपल्याकडे १९६७ साली मुंबईतून अनंत पैंची ‘अमर चित्रकथा’ निघाली. तिने किती घरांत कथा पोचवल्या, ते आजी-आजोबांनाच विचारा.

पुस्तक कानानेही वाचता येतं बरं का! १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली. पहिल्या दोन पुस्तकांचा मान अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ला आणि जोसेफ कॉनरॅडच्या ‘टायफून’ला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम २५ मिनिटं! खुनी सापडेपर्यंत किती वेळा तबकडी उलटायची, विचार करा.

आता आमचा सगळ्यात लाडका नगेट. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं एकमेकांना खेटून गर्दी करताना दिसू शकतात. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर एक प्रयोग झाला. औषध नाही, क्लास नाही, सराव नाही. नुसती अक्षरं सुटी-सुटी छापली! डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा वाचनाचा वेग २० टक्क्यांहून जास्त वाढला आणि चुका जवळजवळ निम्म्या झाल्या. अक्षरांत अंतर वाढलं, पुस्तकाशी अंतर घटलं! एडिनबरात सुरू झालेल्या ‘बॅरिंग्टन स्टोक’ या प्रकाशनाने तर १९९८ पासून हाच वसा घेतलाय: वेगळा टाइप, मोकळी मांडणी, डोळ्यांना न टोचणारा पिवळसर कागद. मराठी प्रकाशकहो, ऐकताय ना? ‘श्यामची आई’ची अशी मोकळीढाकळी आवृत्ती निघाली, तर आम्ही पहिल्या दिवशी रांगेत!

आणि हा रेकॉर्ड आपला! छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकं सुलभ रूपात काढायला कॉपीराइटचा अडसर नको, असा एक आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये माराकेश इथे झाला. त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश कोणता, माहीत आहे का? भारत! २०१४ मध्ये. वाचनाची अडचण असणारेही या करारात येतात. २०१६ मध्ये आपलं ऑनलाइन ‘सुगम्य पुस्तकालय’ही सुरू झालं, आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली.

म्हणजे दारं उघडी आहेत. तुमच्या घरात किंवा वर्गात वाचताना अडखळणारं मूल असेल, तर त्याच्या हातात पातळ, फिकं, कंटाळवाणं काहीतरी देऊ नका. शेक्सपिअर द्या, ज्ञानेश्वर द्या, साने गुरुजी द्या. चित्रांतून द्या, कानातून द्या, मोठ्या टायपात द्या. आणि आज रात्री जेवणं झाली की एक प्रकरण तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा!