विद्यापीठाच्या किनारी संकुलावर नागरिकांचा अंकुश

सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा समुद्राच्या काठावरच हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. टाक्यांमधील जीव जगवायचे तर ताज्या खाऱ्या पाण्याचा अखंड पुरवठा लागतो आणि तो डोंगरावरच्या इमारतीत मिळत नाही. परंतु किनारा मर्यादित असतो आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. पाणथळ जागेत घरटी करणारे पक्षी, पुळणीवर फिरायला येणारे रहिवासी, रहदारीने त्रासलेले शेजारी या साऱ्यांचा त्या भूमीशी संबंध असतो. अशा वेळी विद्यापीठाने स्वतःच्याच मालकीच्या जमिनीवर काय बांधावे, हे ठरविताना इतरांना कितपत बोलू द्यावे? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सांताक्रूझ येथे या प्रश्नाचा निकाल लागायला काही वर्षे लागली. मुंबईकरांना नावाने परिचित वाटणारे हे शहर माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकाला वसलेले आहे.

पठार, पाणथळ आणि प्रयोगशाळा

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सांताक्रूझ येथील मुख्य संकुल १९६५ मध्ये शहरालगतच्या टेकड्यांवर सुरू झाले. त्याची सागरी शाखा म्हणजे 'लाँग मरिन लॅबोरेटरी'. ती १९७८ मध्ये शहराच्या पश्चिम कडेला, समुद्रकड्यावरच्या सपाट पठारावर उभी राहिली. सील, डॉल्फिन यांसारख्या सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासासाठी ती ओळखली जाते. तिला लागूनच 'यंगर लगून' हे छोटे खाजण आहे. ते विद्यापीठाच्या राखीव नैसर्गिक क्षेत्रात मोडते.

प्रयोगशाळेभोवतालच्या मोकळ्या पठाराला 'टेरेस पॉइंट' म्हणतात. एकेकाळी तेथे शेती होत असे. पुढे त्यावर खासगी घरबांधणीचे प्रस्ताव आले आणि त्यांना स्थानिकांचा विरोध झाला. १९९९ मध्ये विद्यापीठाने ही जमीन विकत घेतली, तेव्हा सिमेंटची वसाहत टळली म्हणून अनेकांना हायसे वाटले. मात्र लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. प्रयोगशाळा, कार्यालये, निवासस्थाने आणि वाहनतळ मिळून विद्यापीठही तेच करणार नाही, याची हमी कोण देणार?

महापालिकेचे बंधन नाही

ही शंका निराधार नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाला राज्यघटनेनेच स्वायत्तता दिली आहे. शैक्षणिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या जमिनीवर शहराचे बांधकामविषयक नियम चालत नाहीत. म्हणजे सांताक्रूझच्या नागरिकाने आपल्या नगरसेवकाकडे तक्रार केली, तरी नगर परिषद विद्यापीठाची इमारत नामंजूर करू शकत नाही. नेहमीचा दरवाजा बंद असल्याने नागरिकांना दुसरे दोन दरवाजे ठोठावावे लागले.

पहिला दरवाजा पर्यावरणीय परिणाम अहवालाचा. राज्याच्या १९७० च्या कायद्यानुसार विद्यापीठाला आपल्या विकास आराखड्याचा असा मसुदा अहवाल लोकांसमोर ठेवावा लागतो. त्यावर मत देण्यासाठी सर्वसाधारणपणे ४५ दिवसांची मुदत असते. येथवर हे सारे आपल्याकडील 'हरकती व सूचना' या प्रकारासारखेच आहे. फरक पुढे सुरू होतो. पर्यावरणाच्या मुद्द्यावर आलेल्या प्रत्येक हरकतीला विद्यापीठाने लेखी उत्तर देणे बंधनकारक असते आणि ती उत्तरे अंतिम अहवालाचा भाग बनतात. 'नोंद घेतली' एवढ्यावर भागत नाही. सूचना अमान्य असेल तर का अमान्य, याची सकारण मांडणी करावी लागते.

या नोंदीला न्यायालयीन महत्त्वही आहे. जो मुद्दा सुनावणीच्या वा मुदतीच्या काळात कोणीच मांडला नाही, तो नंतर न्यायालयात उपस्थित करता येत नाही. त्यामुळे एखाद्या रहिवाशाने पाण्याबद्दल लिहिलेले साधे पत्रही पुढे मोलाचे ठरू शकते. सांताक्रूझमध्ये पाणी हा नाजूक विषय आहे. हे शहर बाहेरून पाणी आणत नाही. स्थानिक नदी, ओढे आणि जलाशय यांवरच त्याची मदार असल्याने दुष्काळात नळांवर निर्बंध येतात. नव्या इमारतींना पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न तेथे कोणालाही अडाणीपणाचा वाटत नाही.

विद्यापीठांच्या जबाबदारीची सीमा २००६ मध्ये अधिक स्पष्ट झाली. याच उपसागरावरील मरिना शहर आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ ही दुसरी संस्था यांच्यातील दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. संकुलाच्या कुंपणाबाहेर होणाऱ्या परिणामांबाबत विद्यापीठाला हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

किनारा आयोगाची चावी

दुसरा दरवाजा अधिक भक्कम होता. १९६९ मध्ये सांता बार्बरापाशी समुद्रात मोठी तेलगळती झाली. त्यानंतर तापलेल्या लोकमतामुळे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदानाने किनारा संरक्षणाचा कायदा संमत केला. १९७६ च्या किनारा कायद्याने त्याला कायमचे रूप दिले आणि किनारा आयोगाकडे नियमनाचे अधिकार सोपविले. आयोगाचे मताधिकार असलेले १२ सदस्य असतात. त्यांपैकी सहा स्थानिक लोकप्रतिनिधी आणि सहा सर्वसामान्य नागरिकांमधून आलेले असतात. महापालिकेला न जुमानणाऱ्या विद्यापीठालाही या कायद्यापुढे मात्र झुकावे लागते.

किनारी क्षेत्रातील संकुलासाठी विद्यापीठ एक दीर्घकालीन विकास आराखडा तयार करू शकते आणि तो आयोगाने प्रमाणित करावा लागतो. एकदा आराखडा प्रमाणित झाला, की प्रत्येक इमारतीसाठी नव्याने परवाना घेण्याची गरज उरत नाही. विद्यापीठ केवळ पूर्वसूचना देते. आयोग त्या इमारतीवर आराखड्याशी सुसंगत अटी घालू शकतो, पण ती मुळातून नाकारू शकत नाही. म्हणूनच नागरिकांच्या बोलण्याला खरे वजन असते ते आराखड्याच्या टप्प्यावर. पायाचे खोदकाम दिसू लागल्यावर जागे होणाऱ्यांच्या हाती फारसे काही उरत नाही.

टेरेस पॉइंटचा आराखडा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २००४ मध्ये मंजूर केला. आयोगाचे प्रमाणपत्र मिळायला २००८ साल उजाडले. त्याची एक अट ठळक होती. पठारावरील सुमारे ४७ एकर नैसर्गिक जमीन यंगर लगूनच्या राखीव क्षेत्रात समाविष्ट करावी आणि तेथील मूळ वनस्पतिजीवन पुन्हा उभे करावे. आधीच्या सुमारे २५ एकरांत ही भर पडून राखीव क्षेत्र ७२ एकरांचे झाले. सुमारे शंभर एकरांच्या संकुलाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने बांधकामापासून वाचला. विद्यापीठाचेही नुकसान झाले नाही. त्याची नवी किनारी जीवशास्त्र इमारत २०१७ मध्ये सुरू झाली आणि राखीव जमीन विद्यार्थ्यांसाठी उघड्यावरची प्रयोगशाळा बनली.

पुळण कोणाची?

सर्वच वाद असे गोडीने मिटले नाहीत. खाजणाच्या मुखाशी असलेल्या छोट्या पुळणीचा प्रश्न तर दोन चांगल्या गोष्टींमधला होता. किनारा सर्वांना खुला असावा, हे किनारा कायद्याचे एक मूलतत्त्व. संवेदनशील अधिवासाला धक्का लागू नये, हे दुसरे. संशोधकांच्या दृष्टीने माणसांची वर्दळ नसलेली पुळण दुर्मीळ आणि म्हणून मोलाची होती. उलट, लोकांच्या मालकीचा किनारा संशोधनाच्या नावाखाली लोकांनाच बंद का, हा सवालही रास्त होता. अखेर मध्यममार्ग निघाला. मार्गदर्शकासोबत मर्यादित संख्येने लोकांना तेथे जाता येईल आणि त्याचे परिणाम विद्यापीठ नियमित तपासत राहील, असे ठरले. दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान झाले असे नव्हे, पण निर्णयाची कारणे सर्वांसमोर लेखी आली.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने शहरांच्या विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविण्याची तरतूद केली आहे. तिची ताकद मुंबईने अनुभवली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. मोठ्या प्रकल्पांसाठी केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत जनसुनावणी आहे. तिच्यासाठी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. मात्र इमारत बांधकामाचे प्रकल्प या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले.

सांताक्रूझच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. लोकांना बोलावणे सोपे असते, त्यांना कारणांसह उत्तर देणे अवघड असते. तेथे हे उत्तर कायद्याने सक्तीचे केले आणि ते तपासण्यासाठी विद्यापीठाबाहेरची, नकाराचा अधिकार असलेली यंत्रणा नेमली. या दोन तरतुदी नसत्या, तर त्या पठारासंबंधीची नागरिकांची पत्रे दप्तरातच राहिली असती.