नंबरपाटीचा दिवा

मोटारीला पुढे दोन मोठे दिवे असतात. ते रस्ता दाखवतात. मागे तांबडे दिवे असतात. ते मागून येणाऱ्याला सांगतात, “पुढे गाडी आहे, जपून ये.” याखेरीज मागे आणखी एक लहानसा दिवा असतो. तो नंबराच्या पाटीवर उजेड पाडतो. काही गाड्यांना असे दोन दिवे असतात.

या दिव्यातला बल्ब करंगळीच्या पेराएवढा असतो. तो विझला तरी गाडी चालते. रस्ता दिसतो. भोंगा वाजतो. चालवणारा पुढे बसलेला असतो, त्याला मागचे काय दिसणार? म्हणून हा दिवा महिनोन्‌महिने विझलेलाच राहतो.

आता गावोगाव मोटारी आल्या आहेत. कोणाची जीप आहे, कोणाची भाड्याची गाडी आहे, कोणाचा टेम्पो आहे. हा बल्ब घरच्या घरी, अंगणात उभे राहून बदलता येतो. तो कसा बदलायचा ते आपण पाहू. पण आधी हा दिवा कशासाठी आहे ते पाहू.

नंबर म्हणजे गाडीचे नाव

माणसाला नाव असते, तसा गाडीला नंबर असतो. महाराष्ट्रातल्या गाडीच्या नंबरात आधी ‘एमएच’ ही दोन अक्षरे येतात. मग परिवहन कार्यालयाचा आकडा येतो. पुण्याचा आकडा १२, कोल्हापूरचा ०९, साताऱ्याचा ११, नाशिकचा १५. त्यानंतर एकदोन अक्षरे आणि शेवटी चार आकडे. असा पूर्ण नंबर देशात एकाच गाडीचा असतो. नियमाप्रमाणे तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावा लागतो. म्हणून मराठी आकडे शिकलात, तसे ते दहा आकडेही शिकून घ्या. फार उपयोगी पडतात.

समजा, अंधार पडला आहे. बाजार करून एक म्हातारा सायकलवर गावाकडे निघाला आहे. मागून गाडी आली. धक्का बसला. म्हातारा खाली पडला आणि गाडी निघून गेली. शेतातली माणसे ओरडा ऐकून धावत आली. त्यांनी जाणारी गाडी पाहिली. पाटीवर उजेड असेल तर कोणीतरी नंबर वाचील. उजेड नसेल तर एवढेच सांगतील, “पांढरी गाडी होती.” पांढऱ्या गाड्या हजारो आहेत. पोलीस कोणाला शोधणार?

यात म्हाताऱ्याच्या घरच्यांचा मोठा प्रश्न असतो. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा विमा काढणे कायद्याने सक्तीचे आहे. गाडी सापडली, तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते. किती नुकसान झाले ते पाहून ती ठरते. गाडी सापडलीच नाही, तर सरकारची एक योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून त्या योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर इजा झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. कर्ता माणूस गेला, तर एवढ्यावर घर किती दिवस चालणार? म्हणजे त्या चार आकड्यांवर एका घराची भाकरी अवलंबून असते.

तुम्ही म्हणाल, “आम्ही कोणाला धडक देऊन पळणारे नाही. मग आमच्या पाटीवर उजेड कशाला?” तर तो तुमच्याही भल्याचा आहे. रात्री तुमची गाडी कोणी चोरून नेली, तर वाटेत तिचा नंबर कोणाला तरी दिसला पाहिजे. दुसरे असे, की अंधारात ३ चा ८ वाचला जातो. मग दोष दुसऱ्याचा आणि पोलीस येतात भलत्याच्याच दारी. तो भलता माणूस तुम्हीही असू शकता. पाटी स्वच्छ दिसली, म्हणजे खऱ्याला भीती नाही.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली झाले. मावळतीनंतर अर्ध्या तासाने गाडीचे दिवे लागले पाहिजेत, असे त्यांत आहे. मागची पाटी पांढऱ्या उजेडात दिसली पाहिजे, असेही आहे. निळा, तांबडा किंवा हिरवा बल्ब शोभेसाठी तिथे लावू नका.

बल्ब का जातो?

बल्बच्या आत केसासारखी बारीक तार असते. ती टंगस्टन नावाच्या धातूची असते. तारेतून वीज गेली की ती पांढरीशुभ्र तापते आणि उजेड देते. आत हवा ठेवलेली नसते. हवा असती तर तार तेव्हाच जळून गेली असती.

रोज तापून तापून ही तार झिजते. झिजलेला धातू काचेला आतून चिकटतो. म्हणून जुना बल्ब काळपट दिसतो. कंदिलाची काच काजळते, तसाच. त्यात आपले खाचखळग्यांचे रस्ते, आणि डिकीचे झाकण धाडकन आपटण्याची सवय. हिसक्याने झिजलेली तार तुटते. मग दिवा गेला.

कधी बल्ब चांगला असतो, पण उजेड पडत नाही. पावसाचे पाणी आत शिरते. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो, तसा बल्ब बसवायच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. या थरातून वीज नीट जात नाही.

बल्ब विकत घेताना

जुना बल्ब काढून दुकानात सोबत न्या. तसाच दुसरा मागा. हे सर्वांत सोपे. तरी तीन गोष्टी स्वतः पाहा.

एक, व्होल्ट. मोटार आणि जीप यांना १२ व्होल्टचा बल्ब लागतो. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्टचा लागतो. १२ चा बल्ब २४ वर लावला तर लगेच उडेल. २४ चा १२ वर लावला तर मिणमिणेल.

दोन, वॅट. या दिव्याला बहुधा ५ वॅटचा बल्ब असतो. जास्त उजेडाच्या लोभाने मोठा बल्ब लावू नका. तो जास्त तापतो. त्याने प्लॅस्टिकचे झाकण वितळते.

तीन, आकार. एका प्रकाराला खाली चपटी काच असते आणि तो सरळ आत खोचतात. दुसरा लांबट असून त्याच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असतात. तो दोन पत्र्यांच्या मध्ये बसतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

हे आकडे बल्बवरच बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. तुम्हाला आता वाचता येते. वाचूनच पैसे द्या.

काही नव्या गाड्यांत बल्ब नसून एलईडीचा बंद दिवा असतो. तिथे पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

बल्ब बदलण्याची रीत

सामान थोडेच लागते: पेचकस, कोरडे फडके, पॉलिश पेपरचा लहान तुकडा आणि नवा बल्ब. काम दिवसा करा.

पहिले काम. गाडी सपाट जागी उभी करा. हातब्रेक ओढा. दिव्यांचे बटण बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा. दिवा नुकताच लागलेला असेल तर थोडे थांबा. बल्ब लहान असला तरी चटका देतो.

दुसरे काम. पाटीच्या वर वाकून पाहा. दिव्याचे झाकण दिसेल. काही गाड्यांत ते दोन स्क्रूंनी बसवलेले असते. स्क्रू काढून वाटीत ठेवा, म्हणजे मातीत हरवणार नाहीत. काही गाड्यांत स्क्रू नसतात, झाकण खटक्यावर बसते. त्याच्या एका कडेला पेचकसाचे टोक घाला आणि हलकेच दाबा. रंग खरवडू नये म्हणून टोकाला फडके गुंडाळा. जोर करू नका. जुने प्लॅस्टिक कडक झालेले असते, ते तडकते.

नंबराची पाटी मात्र काढू नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षा पाटी येते. तिचे कुलूप एकदा तोडले, की पुन्हा बसत नाही. बल्बसाठी पाटीला हात लावायची गरजच नाही.

तिसरे काम. चपटा बल्ब सरळ ओढून काढा. तो पिळू नका. टोप्यांचा बल्ब एका बाजूचा पत्रा किंचित दाबून काढा. काच फुटलेली असेल तर फडक्याने धरा.

चौथे काम. पत्रे पाहा. हिरवट थर असेल तर पॉलिश पेपरने हळूच घासून चकचकीत करा. झाकणाची काच आतून बाहेरून पुसा. धुळीने माखलेल्या काचेतून नवा बल्बही अंधूकच दिसतो. झाकणाची रबरी पट्टी जागेवर आहे ना, तेही पाहा. पट्टी नसली तर पाणी पुन्हा शिरेल.

पाचवे काम. नवा बल्ब फडक्यात धरून बसवा. तो हलता कामा नये. झाकण लावण्याआधी दिव्यांचे बटण एक टप्पा फिरवा. दिवा लागला? मग बटण बंद करा आणि झाकण बसवा.

नवा बल्बही लागला नाही तर?

मागचे बारीक दिवेही बंद आहेत का ते पाहा. तेही बंद असतील तर फ्यूज गेला असेल. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा, ते बहुधा दाखवलेले असते. जितक्या अँपिअरचा फ्यूज निघाला, तितक्याच अँपिअरचा घाला. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी तिथे कधीही घालू नका. फ्यूज हा पहारेकरी आहे. धोका झाला की तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. त्याच्या जागी तार घातली, तर गाडीतल्या वायरी तापतात आणि पेट घेतात.

नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर उघडी पडून पत्र्याला लागते आहे. दिवा डिकीच्या झाकणावर असेल, तर वायरी बिजागरीजवळून जातात. झाकण उघडून मिटून तिथे त्या तुटतात. अशा वेळी मिस्त्रीकडे जा. हे काम घरचे नव्हे.

दिवेलागणीची सवय

आठवड्यातून एकदा दिवेलागणीला गाडीचे दिवे लावा. खाली उतरून मागे जा. पंधरावीस पावले दूर उभे राहा आणि आपल्याच गाडीचा नंबर मोठ्याने वाचा. वाचता आला, तर ठीक. नाही आला, तर काच पुसा किंवा बल्ब बदला. घरातल्या मुलाला हे काम सांगा. त्याचा आकड्यांचा अभ्यास होईल आणि तुमच्या गाडीची तपासणीही होईल.

उजळणी

१. नंबरपाटीवरच्या दिव्याचा रंग कोणता असावा?
२. आपल्या गाडीचा बल्ब किती व्होल्टचा आणि किती वॅटचा आहे? वाचून वहीत लिहा.
३. फ्यूजच्या जागी तार का घालू नये?
४. आपल्या गावातल्या एका गाडीचा नंबर पाहून लिहा. त्यातला कोणता भाग परिवहन कार्यालयाचा, ते सांगा.