धम्माचे विद्यापीठ घरबसल्या : अर्ज भरण्यापूर्वी

सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू नालंदा महाविहारात शिकावयास आला. त्याने लिहून ठेवले आहे की, बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला महाविहाराच्या दारावरच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत. आज दार मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. अर्ज भरला, फी भरली की दार उघडते. विचारणारा द्वारपाल राहिलेला नाही. म्हणून आता प्रश्न आपणच विद्यापीठाला विचारावयाचे आहेत, आणि तेही फी भरण्याच्या आधी.

आपल्या सोनाळा परिसरातील मुलामुलींना हा विषय जवळचा आहे. पाली किंवा बौद्ध अध्ययन शिकावे असे वाटणाऱ्यांची घरे शेतीवर आणि मजुरीवर चालतात. नागपूरला जाऊन राहावयाचे म्हणजे आधी शेगाव गाठून रेल्वे धरावयाची, मग खोली, खाणावळ आणि दोन-तीन वर्षांचा खर्च. मुलीच्या बाबतीत तर घरातला विरोध वेगळाच. अशा वेळी घरी राहून बौद्ध विद्यापीठाची पदवी मिळते असे कानावर आले की आशा वाटणे साहजिक आहे. ही आशा खोटी नाही. परंतु ती पारखून घेतली पाहिजे.

पहिला प्रश्न : हे खरोखर विद्यापीठ आहे काय? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, कलम ३ खालील अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. एखादा विहार, ट्रस्ट किंवा संस्था कितीही पवित्र कार्य करीत असली तरी केवळ पाटीवर ‘विद्यापीठ’ लिहिल्याने तिला पदवी देता येत नाही. अशी संस्था धम्माचे वर्ग घेऊ शकते, आपले प्रमाणपत्र देऊ शकते, आणि ते ज्ञान मोलाचेही असेल. पण ते प्रमाणपत्र बी. ए., एम. ए. च्या जागी चालणार नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. ती एकदा वाचावी. त्या यादीत नागपूरचेही एक नाव अनेक वर्षे होते.

मग कायदेशीर बौद्ध विद्यापीठे आहेत काय? आहेत. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या पुढाकाराने १९५१ साली नालंदा येथे नव नालंदा महाविहार सुरू झाला. २००६ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संसदेच्या २०१० च्या कायद्याने नालंदा विद्यापीठ नव्याने उभे राहिले आणि तेथे बौद्ध अध्ययनाची शाखा आहे. सांची येथे मध्य प्रदेश शासनाने बौद्ध व भारतीय ज्ञान अध्ययनाचे विद्यापीठ काढले. याशिवाय नागपूर, पुणे, मुंबई या आपल्याच विद्यापीठांतून पाली शिकविली जाते. मात्र विद्यापीठ खरे असले म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो असे नाही.

म्हणून दुसरा प्रश्न : हाच अभ्यासक्रम, याच सत्रासाठी, ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालविण्याची परवानगी आहे काय? आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि सत्र पाहता येते. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मागील वर्षीची परवानगी यंदाही चालेलच असे धरून चालू नये. प्रवेशाची वर्षातून दोन सत्रे असतात, एक जानेवारी-फेब्रुवारीचे आणि एक जुलै-ऑगस्टचे. २०२० च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाला आपले शिक्षण दुसऱ्या संस्थेमार्फत ठेक्याने चालविता येत नाही. तेव्हा ‘आमच्या केंद्रातून अमुक विद्यापीठाची पदवी’ असे कोणी म्हणत असेल तर सावध व्हावे. तसेच पीएच. डी. घरबसल्या ऑनलाइन देतो असे सांगणाऱ्याला तेथूनच नमस्कार करावा. तशी परवानगी नाही.

परवानगी असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी मात्र कमी प्रतीची नसते. नियमित पदवीइतकीच ती ग्राह्य आहे असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभाही मिळाली. म्हणजे येथील महाविद्यालयात बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला जोडीला पालीचा मान्यताप्राप्त दूरस्थ अभ्यासक्रम करता येतो.

तिसरा प्रश्न परदेशी विद्यापीठांचा. श्रीलंकेत १९८१ साली स्थापन झालेले बौद्ध व पाली विद्यापीठ आहे. थायलंडमध्ये राजा चुलालोंगकोर्न यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या संस्थेतून वाढलेले महाचुलालोंगकोर्नराजविद्यालय आहे. ही नावे मोठी आहेत. अशा ठिकाणी साधारणपणे गुणपत्रिका, इंग्रजीचे ज्ञान, शिफारसपत्रे आणि ‘मला हे का शिकावयाचे आहे’ असे निवेदन मागतात. हे निवेदन दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. आपण काय वाचले आहे, कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे, पुढे काय करणार, एवढे साध्या शब्दांत लिहावे. पण परदेशी पदवीला भारतात समकक्षता लागते. त्यासाठी आयोगाने २०२५ साली स्वतंत्र नियम केले आहेत. ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळेलच असे धरून चालू नये. ज्याला ज्ञानासाठी शिकावयाचे आहे त्याने जरूर शिकावे. ज्याला त्या पदवीवर येथे नोकरी हवी आहे त्याने आधी लेखी उत्तर मिळवावे.

काही पालक विचारतात, धार्मिक विद्यापीठात गेल्यावर दीक्षा घ्यावी लागते काय? राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. विद्यापीठात धर्माचा अभ्यास होतो. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आपला मुलगा तेथे तिपिटक तपासून वाचावयास शिकेल, आणि तथागतांनीही तपासूनच स्वीकारावयास सांगितले आहे.

आता कागदपत्रे. २०२४ पासून ऑनलाइन व दूरस्थ प्रवेशासाठी ‘डीईबी आयडी’ सक्तीचा झाला आहे. तो ‘एबीसी आयडी’वरून निघतो, आणि ‘एबीसी आयडी’ आधारवरील नावाने डिजिलॉकरमधून मिळतो. येथेच आपल्या लोकांची गाडी अडते. बँकेच्या खिडकीवर आम्ही हे रोज पाहतो. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरे, गुणपत्रिकेवर तिसरे. कोठे वडिलांचे नाव गाळलेले, कोठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे, लग्न झालेल्या मुलींचे तर सगळेच बदललेले. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे तिच्याशी जुळवून घ्यावीत. नाव खरोखरच बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी जवळ ठेवावी. हे काम शेवटच्या तारखेच्या आठवड्यात होत नाही. दोन महिने आधी सुरू करावे.

अर्ज सेवा केंद्रातून भरला तरी मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. केंद्रचालकाचा नंबर दिला तर परीक्षेची तारीख त्याला कळते, आपल्याला नाही. फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच भरावी, कोणा व्यक्तीच्या खात्यावर कधीही पाठवू नये. पावती छापून ठेवावी. एकूण किती हप्ते, परीक्षा शुल्क वेगळे काय, परीक्षा केंद्र कोठे, प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत, हे चार आकडे कागदावर मांडून मगच पहिला रुपया द्यावा. शिष्यवृत्ती मिळेल या भरवशावर फी ठरवू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण कोणत्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे हे बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

शेवटचा प्रश्न : शिकून पुढे काय? खरे सांगितले पाहिजे. पालीच्या प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत. त्यासाठी एम. ए. ला राखीव प्रवर्गात ५० टक्के गुण आणि पुढे नेट किंवा सेट लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पाली साहित्य हा वैकल्पिक विषय २०१३ साली काढला गेला. म्हणून केवळ या एका पदवीवर घर उभे करण्याचा हिशेब मांडू नये. हाताशी दुसरे साधन ठेवून शिकावे. दुसऱ्या बाजूने पाहता, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला आहे. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर केलेले काम शासनाने १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. ते काम पुढे नेणारे हात आपल्याच वस्त्यांतून यावयास हवेत.

गोव्यात १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी जवळ कोणतीही पदवी नसताना पाली शिकण्यासाठी श्रीलंकेपर्यंत गेले, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात पालीचे अध्यापक झाले. त्यांना ग्रंथासाठी समुद्र ओलांडावा लागला. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे संपूर्ण तिपिटक देवनागरीत उपलब्ध करून दिले आहे. तेव्हा आमची विद्यार्थ्यांना एक सूचना आहे. अर्ज करण्यापूर्वी तीन महिने रोज अर्धा तास पाली वाचून पहावी. गोडी टिकली तर अर्ज भरावा. नाही टिकली तर फी वाचली, आणि तीन महिन्यांचे वाचन तर पदरात पडलेच.

सभासदांनी एवढे करावे की, प्रवेशाच्या दिवसांत विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ बसावे आणि येणाऱ्या मुलांचे कागद तपासून द्यावेत. आपल्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी तलाठी, कोणी आमच्यासारखा बँकेत कारकून. एका स्पेलिंगसाठी कोणा मुलीचे वर्ष वाया जाऊ नये, एवढे काम तर आपल्याला नक्कीच जमेल.